स्नान नको, अंघोळ हवी

थंडी पडायला लागली की आमच्या खडकीतल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर हमखास येतो. ‘पुण्यापासून अवघ्या तीन तासांवर निसर्गाचा स्पा!’ सोबत वाफाळत्या निळ्या पाण्याचा फोटो असतो, तो बहुतेक वेळा आइसलँडचा. खाली दिवसाची आखणी: सकाळी सहाला निघा, खोपोलीत नाश्ता, दहाच्या आत उन्हेऱ्याच्या कुंडावर पोचा, तासभर डुंबा, मग पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन, घरगुती जेवण, संध्याकाळी सातला घरी. आठवड्याचा शीण गायब, सोमवारी कामाला हजर.

मला या आखणीचा राग येतो. ती ज्याच्यासाठी केली आहे त्या माणसाकडे गाडी आहे, धडधाकट गुडघे आहेत आणि तो पुरुष आहे. चारचौघांत चड्डीवर पाण्यात उतरायला त्याला काही वाटत नाही. ओल्या अंगाला पंचा गुंडाळून तो गाडीच्या आडोशाला कपडे बदलतो आणि भजी खायला मोकळा होतो. त्याची आई कुठे उतरणार, बायको कपडे कुठे बदलणार, पाळी आलेल्या बहिणीला आत घेणार की नाही, आणि त्या पाण्यात आज सकाळपासून किती माणसं बसून गेली, हे प्रश्न त्या आखणीत नाहीत. ज्यांना हे प्रश्न पडतात त्यांच्यासाठी निवांत दिवस ही चीज महाराष्ट्रातल्या कुंडांवर अजून तयार व्हायची आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ही अवस्था पैशाअभावी झालेली नाही. कुंड म्हणजे नेमकं काय, हेच आपण कधी ठरवलेलं नाही. देवळाच्या मंडळींना ते तीर्थ वाटतं, पर्यटनाच्या मंडळींना स्पा वाटतो. हे सार्वजनिक न्हाणीघर आहे, नळकोंडाळ्यासारखी आणि एसटी स्टँडसारखी ही सगळ्यांच्या वापराची जागा आहे, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून मी म्हणते.

आधी नावं बघा. उन्हेरे, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, चोपडा तालुक्यातलं उनपदेव, किनवटजवळचं उनकेश्वर. शेकडो किलोमीटर अंतरावरची ही गावं, पण प्रत्येकाच्या सुरुवातीला तोच शब्द: ऊन. संस्कृतातल्या ‘उष्ण’चा झिजून झालेला. ‘ऊन पाणी’ म्हणजे गरम पाणी, हे अजून माझ्या आईच्या पिढीला सांगावं लागत नाही. ‘ऊन ऊन भात’ तर तुम्हीआम्हीही म्हणतो. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना तिथे पहिल्यांदा गरम पाणी दिसलं. देव नंतर आला, आणि आला तोही ‘ऊन’ला चिकटून: उनप-देव, उनक-ईश्वर.

कथासुद्धा तेच सांगते. उनपदेव आणि उनकेश्वर ही दोन्ही ठिकाणं शरभंग ऋषींवर हक्क सांगतात. एक ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी, दुसरं पैनगंगेच्या काठी, ऋषी एकच. ऋषींच्या अंगाला रोग झाला होता, दाह होत होता, तेव्हा रामाने बाण मारून गरम पाणी काढून दिलं. आता ही कथा नीट ऐका. त्यात पुण्य मिळवायची गोष्ट कुठे आहे? एका आजारी माणसाच्या अंगाला बरं वाटावं म्हणून पाणी काढलं. रामाने त्या ऋषीला आधी शुद्ध होऊन ये म्हटलं नाही. तरीही आपण अशा ठिकाणी पाट्या कसल्या लावतो, तर पावित्र्य राखा.

मराठीत दोन शब्द आहेत, स्नान आणि अंघोळ. स्नान पर्वणीला, ग्रहणाला, संगमावर, ते पुण्यासाठी. अंघोळ अंगासाठी. अभ्यंगस्नान हा त्यातला गोड अपवाद, कारण तिथे तेल, उटणं, पाठ चोळून देणारी आई आणि घंगाळातलं कढत पाणी असतं. नाव स्नानाचं आणि काम अंघोळीचं. कुंडांवर आपण उलटं केलं. काम अंघोळीचं असलेली जागा स्नानाच्या खात्यात टाकली. स्नानाला स्वच्छतागृह लागत नाही, कपडे बदलायची खोली लागत नाही, कठडा लागत नाही, पाणी तपासायची तर गोष्टच सोडा. तीन बुचकळ्या मारल्या की झालं. त्या तीन बुचकळ्यांच्या हिशेबानेच आपली सगळी कुंडं बांधली आहेत.

पाणी येतं कुठून, हेही थोडं सांगते, कारण मालकीचा प्रश्न तिथेच सुटतो. वज्रेश्वरीच्या कुंडांचं पाणी म्हणजे देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त, अशी समजूत आहे. शाळेत शिकलेल्यांना वाटतं खाली ज्वालामुखी असेल. कोकणात जागा ज्वालामुखी नाही. आपलं पाणी साधं पावसाचं आहे. सह्याद्रीवर आणि कोकणपट्टीत पडणारा पाऊस खडकातल्या भेगांतून खोल उतरतो, खाली जाईल तसा तापतो, आणि वाट मिळेल तिथे पुन्हा वर येतो. पालघरमधल्या सातिवलीपासून भिवंडी तालुक्यातली अकलोली-गणेशपुरी, रायगडातलं उन्हेरे, महाडजवळचं सव, रत्नागिरीतली आरवली, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूरपर्यंत ही माळ सह्याद्रीला समांतर साधारण तीनशे किलोमीटर पसरली आहे. पाणी कुठे सोसेल इतकं कोमट, तर दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे हात घातला तर पोळेल. इंग्रजांनी १८८० ते १८८३ दरम्यान रत्नागिरी, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची गॅझेटियरं काढली, त्यांत या झऱ्यांच्या नोंदी आहेत. म्हणजे हे आज सापडलेलं ‘हिडन जेम’ नाही. पाऊस कोणाच्या सातबाऱ्यावर पडला, कोणत्या भेगेतून गेला आणि कोणाच्या देवळाशेजारी वर आला, याचा एकमेकांशी काही संबंध नाही. वर आलेलं पाणी ट्रस्टचं कसं होतं, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन गेले होते. वय बहात्तर, दोन्ही गुडघ्यांना संधिवात. खडकीत राहणाऱ्याला नदी दोन पावलांवर आहे, पण मुळेत अंघोळ करायची गोष्ट आईच्या लग्नाआधीच संपली असावी. आता उन्हाळ्यात जलपर्णीने पाणी दिसत नाही आणि एरवी दिसतं ते न दिसलेलं बरं. म्हणून माणूस घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अंघोळीला जातो. आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका कुंडावर गेलो. नाव लिहीत नाही, कारण हेच चित्र मी आणखी तीन ठिकाणी पाहिलं आहे.

पुरुषांचं कुंड मोठं, उघडं, ऊन येणारं. बायकांचं त्याच्या निम्म्याहून लहान, चार भिंतींत, वर पत्रा, आत अंधार. बायकांना आडोसा हवा हे खरं. पण आडोसा म्हणजे कोंडवाडा असं समीकरण कोणी केलं? पायऱ्या उंच, शेवाळलेल्या, धरायला काही नाही. आई दुसऱ्या पायरीवर थांबली. आत बसलेल्या दोघी अनोळखी बायकांनी उठून तिचा एकेक हात धरला. “आजी, बसून बसून उतरा,” म्हणाल्या. ती तशी बसून, एकेक पायरी सरकत, साडीसकट पाण्यात गेली. कमरेपर्यंत पाणी आलं तेव्हा तिचा जो चेहरा झाला, तो मी गेल्या दहा वर्षांत पाहिला नव्हता. ती काही बोलली नाही. डोळे मिटून बसली. तिच्याशेजारी परकर छातीशी बांधून बसलेली एक बाई सांगत होती की ती दर पंधरवड्याला येते, भाताच्या लावणीनंतर कंबर धरते त्याला याच्याइतका उतारा नाही.

पंधरा मिनिटांनी बाहेरून हाका सुरू झाल्या. ‘आटपा, बाकीच्यांना यायचंय.’ बाहेर आलो तर कपडे बदलायला जागा नाही. जागा होती. ‘महिला चेंजिंग रूम’ अशी पाटी असलेली, सरकारी निधीतून बांधल्याची फरशी लावलेली पक्की खोली होती. तिला कुलूप होतं. खिडकीतून डोकावलं तर आत मंडपाचे बांबू, सतरंज्या आणि लाउडस्पीकर. किल्ली कोणाकडे, तर ‘ते आज नाहीत’. शेवटी मी आणि त्या दोघींनी मिळून साडीचा पडदा धरला आणि आईने डिसेंबरच्या वाऱ्यात लुगडं बदललं. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “पाणी चांगलं होतं गं.”

आखणी करणारे आणि त्यांच्यासारखे विचार करणारे यावर तीन प्रकारची उत्तरं देतात.

पहिलं उत्तर भाविकांचं. म्हणतात, ही देवाची जागा आहे, इथे सोयी बघायच्या नसतात. भाव असला की पायऱ्या आपोआप उतरता येतात. हे बोलणारा नेहमी पायऱ्या उतरू शकणारा असतो. आणि देवाच्या जागेचं म्हणाल तर देवळासाठी आपण काय काय करतो ते बघा. अष्टविनायकाला दर्शनबाऱ्या आहेत, मंडप आहेत, वृद्धांसाठी वेगळी रांग आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतल्या नवसामुळे १७३९ नंतर वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं, तेही गडासारखं, दगडी, अनेक पायऱ्यांचं. देवाला घर बांधताना आपण इतिहास घडवतो आणि त्याच देवाच्या अंगणातल्या पाण्यात बसणाऱ्या बाईला एक लोखंडी कठडा देताना भावाची भाषा बोलतो.

पाळीचं तर विचारूच नका. काही कुंडांवर अजून तोंडी हुकूम असतो. पाटी नसते, कारण पाटी लावली तर फोटो निघेल. कंबर सगळ्यात जास्त दुखते त्या दिवसांत गरम पाण्याला मज्जाव, याहून क्रूर विनोद मला सुचत नाही. या मंडळींना संविधानाचं कलम १५ दाखवावं. त्याच्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावं घेऊन सांगितलं आहे की सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी असलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला अडवता येणार नाही. स्नानघाट हा शब्द तिथे आला आहे आणि लिंग हाही. घटना लिहिणाऱ्यांना असली बारीकसारीक यादी करायची हौस नव्हती. त्यांनी ती केली, कारण पाण्यावरून काय होतं हे त्यांच्यातल्या एकाने महाडला पाहिलं होतं.

आणि सवचं कुंड महाडच्या जवळच आहे, म्हणून हे इथे सांगायलाच हवं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या लोकांना मार खावा लागला आणि नंतर सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. मग दावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. ठराव १९२३ चा, पाणी १९३७ ला. तळं सार्वजनिक आहे की कोणाच्या खाजगी मालकीचं, हाच त्या दाव्यातला मुद्दा होता. कुंड कोणाचं, हा माझा प्रश्न काही नवा नाही; नव्वद वर्षांपूर्वी महाडच्या तळ्याबद्दल कोर्टात तो विचारून झाला आहे.

दुसरं उत्तर पर्यटनवाल्यांचं, आणि ते जास्त धोक्याचं आहे, कारण ते ऐकायला गोड असतं. म्हणतात, तुम्हाला स्वच्छता हवी ना, कठडे हवेत ना, मग जागा खाजगी कंपनीला चालवायला द्या. रिसॉर्ट होऊ द्या. गरम पाणी पाइपने खोलीत नेऊ, शंखशिंपल्यांचे दिवे लावू, अगरबत्तीऐवजी लेमनग्रास. आईला तिथे नेता येईल, हे खरं. पण तिचा हात धरणाऱ्या त्या दोघी तिथे नसतील. भातलावणीनंतर कंबर शेकायला दर पंधरवड्याला येणारी बाई तिथे पाहुणी म्हणून नसेल, असलीच तर टॉवेल धुवायला असेल. झरा एकच असतो. एका बाजूने पंपाने ओढला की दुसऱ्या बाजूचं कुंड कोमट होतं, मग रिकामं होतं. जमिनीखालच्या भेगांना कंपाउंडची भिंत कळत नाही.

याच मंडळींची एक तक्रार असते: गावातल्या बायका कुंडाच्या पाण्यावर कपडे धुतात, त्याने ‘एक्स्पीरियन्स’ खराब होतो. अहो, त्यांचं गाव आहे. हिवाळ्यात ज्यांच्या घरी गीझर नाही त्यांनी गरम पाणी वाहून चाललेलं बघत थंड पाण्यात हात गारठवायचे, कारण पुण्याहून आलेल्याला फोटो काढायचा आहे? कुंडातून बाहेर पडणारं पाणी पाटाने खाली नेऊन दगडी धोबीघाट बांधला तर दोन्ही कामं होतात. एका गवंड्याचं काही दिवसांचं काम आहे.

तिसरं उत्तर माझ्या ओळखीच्या लिहित्यावाचत्या लोकांचं. ते म्हणतात, राहू दे जसं आहे तसं. शेवाळ, अंधार, ओल्या भिंती, त्या बायकांची गाणी. हे सगळं अस्सल आहे, टाइल्स लावल्या की मरेल. या लोकांचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे माझेच आहेत. शेवाळाचं सौंदर्य ठीक आहे. पण कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढतो. तो पोटात गेला तर काही करत नाही. नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो, आणि मग सहसा माणूस वाचत नाही. असं क्वचित होतं, पण होतं. इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमनांनी बांधलेल्या गरम पाण्याच्या न्हाणीघरांत लोक अठराशे-एकोणिसशे वर्षांनंतरही उतरत होते. १९७८ मध्ये त्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी या अमीबाने दगावली आणि शहराने अंघोळ बंद केली. अस्सलपणाची एवढी मोठी परंपरा असूनही. मग त्यांनी खोल विंधनविहीर घेऊन स्वच्छ पाणी वर आणलं आणि २००६ मध्ये शेजारी नवं न्हाणीघर उघडलं. जुनं फक्त बघायला ठेवलं. आपल्याकडे पाण्याची साधी तपासणी करून आकडा भिंतीवर लावा म्हटलं, तर श्रद्धेला धक्का लागतो आणि सौंदर्यालाही.

उनपदेवला गोमुखातून पाणी सतत पडत राहतं आणि टाक्यातून पुढे वाहून जातं. ज्याने ते बांधलं त्याला हे कळत होतं की वाहतं पाणी स्वच्छ राहतं. मग नंतरच्या लोकांनी ठिकठिकाणी कुंडं का तुंबवली? बहुधा पाणी जास्त दिसावं म्हणून.

यावर ‘आपल्याकडे हे होणार नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी जपानचं उदाहरण देते, आणि ते मुद्दाम कोरड्या भाषेत देते, कारण जपान म्हटलं की आपल्याकडे लगेच शिस्तीची पूजा सुरू होते. जपानमध्ये १९४८ चा गरम झऱ्यांचा कायदा आहे. उगमाशी पाणी निदान २५ अंश किंवा त्यात ठरलेले क्षार ठरल्याइतके असतील तरच त्याला गरम झरा म्हणायचं. पाण्यात काय आहे, कोणत्या आजाराच्या माणसाने उतरू नये, हे न्हाणीघरात लिहून लावावं लागतं, आणि २००७ पासून ही तपासणी निदान दर दहा वर्षांनी नव्याने करावी लागते. शिवाय अंघोळ करणाऱ्याकडून नगरपालिका माणशी साधारण १५० येन कर घेते, आणि तो पैसा झऱ्यांचं जतन, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनाच्या सोयींवरच खर्च करायचा असतो. एवढंच. त्यात संस्कृतीचं काही नाही. एक पाटी आणि एक पावती आहे. बाकी तिथेही सगळे संत नाहीत. ओतारू शहरातल्या एका न्हाणीघराने परदेशी दिसणाऱ्यांना बाहेर ठेवलं होतं, आणि साप्पोरोच्या कोर्टाला २००२ मध्ये तो भेदभाव आहे असं सांगावं लागलं. पाणी दिसलं की कोणाला तरी बाहेर ठेवायची इच्छा माणसाला होतेच. म्हणूनच कायदा लागतो.

बुडापेस्टचं सेचेनी न्हाणीघर १९१३ चं, राजवाड्यासारखं पिवळं. ज्या फोटोत म्हातारे छातीइतक्या गरम पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळताना दिसतात ते तिथलंच. तिथलं तिकीट आता पर्यटकांमुळे फार महाग झालं आहे आणि गावकरी कुरकुरतात. पण मालक अजून शहर आहे, आणि डॉक्टरने लिहून दिलं तर सरकारी विम्यातून गरम पाण्याचे उपचार मिळण्याची सोय त्या देशात आहे. संधिवाताच्या म्हातारीला गरम पाणी लिहून देणारा डॉक्टर. आपल्याकडे गरम पाणी एकतर देव देतो नाहीतर क्रेडिट कार्ड.

इथे एक सांभाळून बोलायचं आहे. कुंडाने आजार बरे होतात असं मी म्हणत नाही. कुंडांच्या आसपास जे फलक लागतात, की त्वचारोग, लकवा, मधुमेह सगळं जातं, ते खोटे आहेत आणि काढले पाहिजेत. उबेने आखडलेला सांधा सैल पडतो, तासभर बरं वाटतं. बरं होणं आणि बरं वाटणं यांत फरक आहे. पण बरं वाटण्याला आपण एवढं हलकं का समजतो? बहात्तर वर्षांच्या बाईला एक दुपार बरं वाटलं, ही सार्वजनिक खर्चाने करण्यासारखी गोष्ट नाही का? बागेला आपण हा प्रश्न विचारत नाही.

खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा भाग निकामी झालेले जवान तिथे राहतात, काम करतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. इथे राहणाऱ्याला त्या खुर्च्या रस्त्यावर दिसतात, त्यामुळे पायरी दिसली की आपसूक उतार शोधायची सवय लागते. मुरलीकांत पेटकरांचं नाव ‘चंदू चॅम्पियन’मुळे आता सगळ्यांना माहीत झालं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर गेलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं. पाण्यात शरीराचं वजन उरत नाही. जमिनीवर जे चालत नाही ते पाण्यात हलतं. आता अशा माणसाला कोकणातल्या कुंडावर न्यायची आखणी करून बघा. पायऱ्या तर आहेतच, पण त्याहून बारीक गोष्ट सांगते. कमरेखाली संवेदना नसलेल्याला पाणी किती गरम आहे हे पाय घालून कळत नाही. भाजलं तरी कळत नाही. त्याला आकडा लागतो. कुंडाच्या काठावर एक थर्मामीटर आणि एक खडूचा फळा, त्यावर आजची तारीख आणि आजचं तापमान. याला किती खर्च येईल? नारळाच्या एका दुकानाच्या एका दिवसाच्या गल्ल्यात होईल.

पैशाचं म्हणाल तर तो आजही जातोच. पार्किंगला जातो, चपला सांभाळायला जातो, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीला जातो. फक्त त्याची पावती नसते. ग्रामपंचायतीला कायद्याने यात्राकर बसवता येतो. बाहेरगावच्या प्रौढ माणसाकडून वीस रुपये घ्या, गावाला आणि म्हाताऱ्यांना माफ करा, आणि त्या पैशातून रोज रात्री कुंड उपसून घासायला दोन माणसं पगारावर ठेवा. पावतीबरोबर हक्क येतो. वीस रुपयांची पावती हातात असलेली बाई ‘आटपा’ म्हणणाऱ्याला ‘का?’ म्हणू शकते. दानपेटीत टाकलेल्या पन्नास रुपयांवर तिला असं काहीच म्हणता येत नाही.

मी खडकीची, त्या गावात माझं मत नाही. खरं तर आमच्या कॅन्टोन्मेंटच्या निवडणुकाच इतक्या रखडल्या आहेत की मत कुठेच नाही. पण ग्रामसभा उघड्यावर होते आणि माहितीच्या अधिकाराला दहा रुपयांचं तिकीट लागतं. त्या पंधरवड्याला येणाऱ्या बाईंचा नंबर मी घेतला होता. त्या म्हणाल्या, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बायका बसतात, पण बोलायची वेळ येईपर्यंत झेंडावंदनाची जिलबी संपते आणि सगळे उठतात. या वेळी त्या सुरुवातीलाच उठणार आहेत. मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिले: पाणी शेवटचं कधी तपासलं, कुंड शेवटचं कधी उपसलं, आणि बायकांच्या खोलीत मंडपाचं सामान कोणाच्या परवानगीने ठेवलं आहे. त्यांनी कागद वाचला, पहिले दोन बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, “ताई, हे नंतर. आधी किल्ली मागते.”